स्टेनलेस स्टील बॅक

अमर होण्याची इच्छा सगळ्याच माणसांना असते. इजिप्तच्या राजांनी त्यासाठी पिरॅमिड बांधले. मराठी माणसाने वाटीवर नाव घातले.

भांड्यांच्या दुकानाच्या दाराशी स्टुलावर एक पोरगा बसलेला असतो. त्याच्या हातात ते कुर्रर्र आवाज करणारे मशीन असते, आणि समोर ताटे, तांबे, डबे घेऊन नातेवाइकांची रांग. "काय घालू?" एवढेच तो विचारतो. मग चि. सौ. कां. पासून तारखेपर्यंतचा सगळा मजकूर त्याला दीड इंचाच्या जागेत बसवायचा असतो. मजकूर देणाऱ्याला मामीचे नाव गाळायचे नसते आणि वाटीला मामीसाठी जागा नसते. परिणामी 'सप्रेम भे' समोर आणि 'ट' पार काठावरून वळून पलीकडे गेलेला, अशी भांडी आपल्या प्रत्येकाच्या घरी आहेत.

भांड्यावर नाव का घालायचे, याची दोन कारणे सांगतात. एक म्हणजे शेजारच्या मुंजीला गेलेले पातेले परत यावे. दुसरे कारण कोणी उघड बोलत नाही. एकदा नाव घातले की ते भांडे पुढच्या लग्नात दुसऱ्याला आहेर म्हणून सरकवता येत नाही! म्हणजे नाव घालणे ही एक प्रकारे शपथ आहे. माणसाला कोर्टात शपथ घालतात, भांड्याला दुकानात नाव घालतात. त्यानंतर त्याने जन्मभर खरे बोलायचे असते. मी अमक्याचा, तमक्याने दिलेला, अमुक साली.

हे भांड्यांपुरते ठीक चालते. पण हीच शपथ घड्याळाला घातली म्हणजे काय होते, त्याची ही हकिगत. हकिगत म्हणण्यापेक्षा हा एक नैतिक पेच आहे, आणि तो माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या माणसाच्या वाट्याला यायला नको होता.

पूर्वी लग्नात सासऱ्याने जावयाला घड्याळ द्यायचे, असा रिवाज होता. माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, १९७६ साली आमच्या नानांना एचएमटीचे 'जनता' दिले. चावीचे, सतरा ज्वेल्सचे. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे निम्मा देश त्या घड्याळांकडे बघून ऑफिसला उशिरा पोचला. आजोबांनी घड्याळाच्या पाठीवर नाव घालून आणले. घालणारा पोरगा बहुधा मघाच्या पोराचा काका असावा. कारण त्याने जावयाचे नाव बिनचूक घातले, साल बिनचूक घातले, आणि खाली लिहिले 'सप्रेम भेठ'.

भेठ! नाना हे चाळीस वर्षे सांगत. "माझ्या सासऱ्यांनी मला कध्धी भेट म्हणून दिली नाही. एकदाच दिली, ती भेठ." आई दर वेळी चिडे, आणि दर वेळी चिडते म्हणून नाना पुन्हा सांगत.

नाना गेले. घड्याळ आईकडे आले. ती ते बांधत नाही, पण रोज सकाळी चहाचे आधण ठेवले की त्याला चावी देते. मोतीबिंदूनंतर तिला काटे नीट दिसत नाहीत. चावी देताना ती पाठीमागच्या अक्षरांवरून अंगठा फिरवते आणि मला विचारते, "किती वाजले रे?" म्हणजे वेळ माझ्याकडून घ्यायची आणि घड्याळाकडून बाकीचे.

एक दिवस चावी फिरेना. आमच्या भागात जिन्याखाली एक घड्याळजी बसतात, वय वर्षे सत्तर, डोळ्याला भिंग कायमचे. त्यांनी घड्याळ उघडले, हुंगल्यासारखे केले आणि म्हणाले, "मशीन सोन्यासारखं आहे साहेब. केस गेली."

केस गेल्याचे दुःख चाळिशीनंतर मला नवे नाही. पण ही केस वेगळी. नानांच्या घड्याळाची केस पितळेची होती, वर क्रोमचा मुलामा. हा मुलामा फार पातळ असतो. चाळीस वर्षे मनगटाचा घाम लागल्यावर तो उडाला होता, पितळ हिरवे पडून खाल्ले गेले होते, आणि चावीच्या दांड्याचे भोक इतके रुंद झाले होते की त्यातून धूळ थेट मशीनला भेटायला जात होती. पट्टा अडकवायचा एक कान तुटायला आला होता. पाठीचे झाकण मात्र शाबूत. 'भेठ' ठणठणीत.

"कंपनीची केस मिळेल?" मी विचारले.

"कंपनी कुठाय साहेब आता?" हेही खरेच. सरकारने २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळाची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. "लोकल केस आहे. घालू?"

लोकल केस हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. लांबून बघितली तर मूळ केसपेक्षा जास्त चमकते. नाटकातला राजा खऱ्या राजापेक्षा जास्त चमकतो तशी. जवळून बघितले की हिशोब लागतो. दांड्याचे भोक केसभर वर असते, त्यामुळे चावी देताना दांडा घासतो. आतली जागा किंचित सैल असते, त्यामुळे मशीन आत खुळखुळते. पट्ट्याच्या कानांची भोके समोरासमोर नसतात, त्यामुळे घड्याळ मनगटावर जरा रुसल्यासारखे तिरके बसते. घड्याळजी म्हणाले, साचा झिजला तरी बदलत नाहीत, आणि साच्यातला दोष लपवायला पॉलिश इतके मारतात की कडा सगळ्या गोल होतात.

पण खरी करमणूक पाठीवर. कारखान्यात अक्षरे कडक पोलादी ठशाने दाबून उमटवतात. त्या अक्षरांचा तळ गुळगुळीत असतो, सगळी सारख्या खोलीची असतात, ओळीत उभी राहतात. या केसवरची अक्षरे जाळून काढलेली होती. तळ खरबरीत, कडा काळपट, आणि ओळ अशी की शेवटचे अक्षर पहिल्या अक्षराकडे मान वर करून बघत होते. 'स्टेनलेस' हा शब्द इंग्रजीत लिहिताना शेवटी दोन 'एस' लागतात. इथे एकावर भागवले होते. खाली 'वॉटर रेझिस्टंट'. त्याखाली सहा आकडी नंबर.

घड्याळजींनी ड्रॉवरमधून अशाच आणखी दोन केस काढल्या. तिन्हींवर नंबर एकच! मी बँकेत काम करतो. तीन गिऱ्हाइकांचा खातेनंबर एकच, ही कल्पना नुसती मनात आली तरी मला पाणी प्यावे लागते. घड्याळजी शांत होते. "नंबर हवा म्हणून नंबर असतो साहेब. वाचतंय कोण?"

आता इथे नीतीचा पहिला प्रश्न. या पाठीवर खोटे लिहिले आहे, हे नक्की. पण खोटे बोलले कोण? अक्षरे काढणाऱ्या कारागिराला ती लिपी बहुधा वाचता येत नसावी. त्याच्या लेखी ती नक्षी होती, आणि नक्षीत एक वेलांटी कमी पडली तर कोणी त्याला खोटारडा म्हणत नाही. कारखानदार म्हणेल, बाजारात अशीच मागतात. दुकानदार म्हणेल, मी काय स्टील आहे म्हणून विकली? लोकल म्हणूनच विकली. आणि गिऱ्हाईक म्हणेल, मला स्वस्त हवी होती, मी विचारलेच नाही. बँकेत आमच्याकडे एकाने व्हाउचर करायचे आणि दुसऱ्याने तपासायचे अशी पद्धत आहे. करणारा समजतो, तपासणारा आहेच. तपासणारा समजतो, करणाऱ्याने बघितलेच असेल. त्या दोन विश्वासांच्या मधल्या फटीतून जे पडते त्याला घोटाळा म्हणतात. खोटे हे असे चार प्रामाणिक माणसांच्या हातांतून, प्रत्येकाने थोडे थोडे न बघितल्यामुळे तयार होते. एकट्या माणसाला एवढे खोटे बोलायला छाती लागते. चौघांना ती लागत नाही.

बरे, खोट्याला नावे ठेवावीत तर खऱ्याची तरी वागणूक कशी? त्या काळच्या अनेक चांगल्या घड्याळांच्या पाठीवर 'स्टेनलेस स्टील बॅक' असे लिहिलेले असे. शंभर टक्के खरे. पाठ स्टेनलेस स्टीलचीच. फक्त बाकीचे घड्याळ कशाचे, याबद्दल ती पाठ मौन पाळते. वाचणारा 'स्टेनलेस स्टील' वाचतो, 'बॅक' घाईत राहून जातो, आणि अख्खे घड्याळ स्टीलचे समजून खूश होतो. धर्मराजाने अश्वत्थामा मेला हे मोठ्याने सांगितले आणि हत्तीचे तेवढे पुटपुटला. त्याचा रथ तोवर जमिनीपासून चार बोटे वर चाले, तो खाली टेकला. 'वॉटर रेझिस्टंट ३० मीटर' हेही त्याच घराण्यातले. तो प्रयोगशाळेतल्या दाबाचा आकडा आहे. तेवढ्या भरवशावर तीस मीटर खोल पाण्यात बुडी मारली तर घड्याळ आधी जाते. 'स्विस मेड'चेही मोजमाप आहे. २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे उत्पादनखर्चाचा किमान साठ टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असावा लागतो. साठ टक्के! आपल्याकडे साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणतात, तिकडे स्विस म्हणतात. तक्रार नाही. माणसाच्या खरेपणाला अशी कसोटी लावली तर साठ टक्क्यांवर किती जण पास होतील, याचा विचार करून मी गप्प बसतो.

तर केस घातली. घड्याळ चालू लागले. पण जुने झाकण नव्या केसवर बसेना. व्यास अगदी नखभर मोठा. घड्याळजींनी कानस हातात घेतली. मी ती खाली ठेवायला लावली, कारण झाकणाची कड घासायची म्हणजे नानांच्या नावाचे पहिले अक्षर घासायचे. शेवटी त्यांनी जुनी केस, जुने झाकण आणि जुनी काच एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मला दिली. खिशात घड्याळ, हातात पिशवी. यातले नानांचे घड्याळ कोणते?

हा प्रश्न मला नवा वाटला होता, पण तो दोन हजार वर्षे जुना निघाला. प्लुटार्कने लिहून ठेवले आहे की अथेन्सचे लोक थीसियसचे जहाज जपून ठेवत, कुजलेली फळी काढून नवी बसवत, आणि तत्त्वज्ञ मंडळी हे जहाज तेच की दुसरे, यावर भांडत. पुढे हॉब्ज नावाच्या इंग्रजाने १६५५ साली त्यात आणखी काडी घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज जोडले, तर खरे कोणते? माझ्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी ती हीच. आपल्याकडे नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला विचारले होते, रथ म्हणजे आस का? चाक का? जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणाला. मग रथ कुठे आहे? रथ हे त्या सगळ्यांच्या मांडणीला दिलेले नुसते नाव आहे, असा त्याचा निष्कर्ष. घड्याळजींचे तत्त्वज्ञान अधिक आटोपशीर. "घड्याळ म्हणजे मशीन साहेब. बाकी कपडे." पुढे बिल.

लेझरने अक्षरे घालून देणारे एक दुकान आमच्या बँकेसमोर आहे. तिथल्या मुलाने जुन्या झाकणाचा फोटो घेतला आणि कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला. "सर, सेम टु सेम करून देतो. ओरखड्यांसकट. कोणी ओळखणार नाही." मग जरा संकोचून म्हणाला, "फक्त स्पेलिंग चुकलंय. 'भेट' करू?"

पेच तो हा. 'भेट' केले तर ते शुद्ध, पण आमचे नाही. 'भेठ' ठेवले तर आमचे, पण ती चूक आता चूक राहत नाही. १९७६ च्या पोराने मनापासून चूक केली होती. २०२३ च्या लेझरने ती हुकुमावरून करायची म्हणजे चुकीचे सोंग. आणि साल काय घालायचे? १९७६ घातले तर ज्या केसवर घालतोय ती तेव्हा जन्मलीही नव्हती. पण ही अक्षरे आता कोण वाचते? आई अंगठ्याने. तिच्या अंगठ्याला बरे वाटावे म्हणून नऊ अक्षरे कोरली तर कोणाचे काय गेले? खोट्याने ज्याचे नुकसान होते असा माणूसच शोधून सापडत नव्हता. माझा नीतिशास्त्राचा अभ्यास नाही, पण ऑडिटचा अनुभव आहे. ज्या नोंदीत कोणाचेच नुकसान दिसत नाही, ती नोंद ऑडिटर दोनदा बघतो.

बँकेत ठेवीची पावती हरवली की आम्ही दुसरी देतो. तिच्यावर ठळक अक्षरांत 'डुप्लिकेट' असा शिक्का असतो. त्या शिक्क्याने तिची किंमत एक पैसाही कमी होत नाही. तेवढेच मुद्दल, तेवढेच व्याज. डुप्लिकेट असणे हा गुन्हा कधीच नव्हता. शिक्का न मारता दिली तर मात्र माझी नोकरी जाईल. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या असतात, आणि ठरावीक वर्षांनी त्या बदलतात. १९९६ मध्ये बदलल्या, मग २०१५ मध्ये. आतला ब्रह्मपदार्थ डोळे बांधून जुन्या मूर्तीतून नव्या मूर्तीत ठेवतात. म्हणजे केस नवी, मशीन तेच. पण जुन्या मूर्तींना मंदिराच्या आवारात समाधी देतात, सेवेकरी सुतक पाळतात. देव तोच आहे म्हणतात, पण लाकूड तेच आहे असे कोणी म्हणत नाही. आपल्या गावातल्या देवळांवरही 'जीर्णोद्धार' आणि साल असा दगड बसवलेला असतो. त्याने देऊळ नकली ठरत नाही. उलट त्या सालापर्यंत कोणाला तरी त्याची काळजी होती, याची ती पावती असते.

एवढा विचार करून मी घरी गेलो आणि सगळे आईपुढे मांडले, थीसियस आणि नागसेन वगळून. तिने पिशवीतून जुने झाकण काढले, अंगठा फिरवला, आणि म्हणाली, "हे बाबांनी दिलं. ते नवीन झाकण बाबांनी दिलंय का?"

"नाही."

"मग त्यांच्या नावाने कसं लिहायचं? त्यांना विचारलंस का?"

"अगं, पण तुला हाताला लागायला—"

"मला हे आहे ना! दोन्ही एका जागी कशाला हवंत? आणि त्या मुलाला सांग, भेठच बरोबर आहे. शहाणपणा करू नको म्हणावं."

दोन हजार वर्षांचा वाद तिने चहा गाळता गाळता मिटवला. मशीनला चावी द्यायची ती नव्या घड्याळाला, आणि अंगठा फिरवायचा तो जुन्या झाकणावर. हॉब्जची दोन जहाजे तिने दोन हातांत घेतली आणि तिला कसलीच अडचण आली नाही. तिला तिच्या वडिलांची सही दुसऱ्याने केलेली नको होती, एवढेच. बँकेत सत्तावीस वर्षे सह्या पडताळण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि हे मला सुचू नये!

मी घड्याळजींना सांगितले की नव्या झाकणावरचे स्टेनलेस, वॉटर, नंबर, सगळे घासून टाका आणि कोरे करा. त्यांना नवल वाटले. त्यांच्या उभ्या जन्मात अक्षरे घालायला लोक आले होते, काढायला मी पहिलाच. त्यांनी चाकावर झाकण धरले. अक्षरे गेली, आणि खालून काय निघाले? पिवळे धमक पितळ! 'स्टेनलेस स्टील' असे ज्या जागी लिहिले होते, बरोबर तिथेच पितळ उघडे पडले. हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला होता, पण प्रत्यक्ष पडताना पहिल्यांदाच पाहिला.

आणि खरे सांगायचे तर ते दिसायला छान होते. पितळ ही काही हलकी धातू नव्हे. समई पितळेची असते, घंटा पितळेची असते, आजीचे सगळे स्वयंपाकघर पितळेचे होते. तिने कधी 'मी स्टील आहे' म्हटले नाही. तिच्या तोंडी ते आपण घातले.

लेझरवाल्या मुलाला मी मजकूर दिला, 'केस बदलली २०२३'. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

"एवढंच? नाव कोणाचं घालू?"

"कोणाचंच नाही."

"मग सर, हे वाचून कळणार काय?"

"केस बदलली, एवढं कळेल."

त्याने मान हलवली आणि मशीन सुरू केले. अर्ध्या मिनिटात झाले. अक्षरे सरळ रेषेत होती, 'बदलली'मध्ये दोन्ही 'ल' जागेवर होते. दोनदा मोजून पाहिले. पैसे देताना तो म्हणाला, "सर, पॉलिश मारू का वरून? क्रोम? एकदम स्टीलसारखं दिसेल."